चरबीची भाषा : लेप्टिन आणि आपली प्रकृती

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने आयोजित आरोग्य व्याख्यानात केलेले भाषण)



आजचा विषय चरबी हा आहे. शब्द उच्चारताच सभागृहात थोडे हसू उमटले, ते साहजिक आहे. आपल्या भाषेने चरबीला कधी मान दिला नाही. माणूस उर्मटपणे वागू लागला की ‘याला चरबी चढली आहे’ असे आपण म्हणतो. उलट तान्ह्या मुलाच्या अंगावरची हीच चरबी दिसली की आपण कौतुकाने ‘बाळाने बाळसे धरले’ म्हणतो. म्हणजे वस्तू एकच. ती लहानपणी सौभाग्य आणि मोठेपणी दुर्गुण. वैद्यकशास्त्राचा दृष्टिकोनही फार काळ यापेक्षा वेगळा नव्हता. चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाचा निर्जीव साठा, शरीराला लटकलेले ओझे, असे आम्हाला शिकवले गेले. ही चरबी रक्तात स्वतःचे संप्रेरक सोडते आणि त्याद्वारे मेंदूशी बोलते, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते १९९४ साली.

त्याची कथा उंदरांपासून सुरू होते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली काही उंदीर असे आढळले की ते अखंड खात राहत आणि इतर उंदरांच्या कितीतरी पट लठ्ठ होत. पुढे १९६०च्या दशकात तसाच लठ्ठ, पण वेगळ्या जनुकीय दोषाचा आणखी एक वंश सापडला. डग्लस कोलमन या संशोधकाने या उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडून पाहिले. दुसऱ्या वंशातील लठ्ठ उंदराला निरोगी उंदीर जोडला, तर तो निरोगी उंदीर खाणे सोडून उपासमारीने मरू लागला. पहिल्या वंशातील लठ्ठ उंदीर जोडला, तर त्याचीही भूक नाहीशी झाली. कोलमन यांनी यावरून तर्क केला की ‘पोट भरले आहे, आता पुरे’ असा निरोप रक्तातून वाहत असला पाहिजे. एका वंशाला तो निरोप तयारच करता येत नाही. दुसऱ्या वंशात निरोप भरपूर आहे, पण तो ऐकणारे कान बंद आहेत. हा तर्क खरा ठरायला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४च्या डिसेंबरात ते जनुक शोधल्याचे जाहीर केले. त्यापासून तयार होणाऱ्या संप्रेरकाला त्यांनी ‘लेप्टिन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ. हे संप्रेरक मुख्यतः चरबीच्या पेशींतच तयार होते.

त्याचे काम समजावून सांगण्यासाठी मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवतात. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली ही कोठारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. २००५च्या महापुरात त्यांतील बऱ्याच पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली, ही हळहळ आजही त्या भागात ऐकू येते. पेव एकदा बंद केले की वरून चालणाऱ्याला खाली किती माल आहे याचा पत्ता लागत नाही. तो हिशेब मालकाच्या वहीत असतो. आपल्या शरीरात चरबी हे पेव आहे, मालक मेंदू आहे आणि लेप्टिन ही ती वही. साठा वाढला की रक्तातील लेप्टिन वाढते. साठा घटला की ते घटते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो ही वही वाचतो आणि भूक किती लागावी, ऊर्जा किती खर्चावी, हे ठरवतो.

परंतु येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण सर्वसाधारण लेखनात ती बहुधा निसटते. या संप्रेरकाचे पहिले कर्तव्य आपल्याला सडपातळ ठेवणे हे नाही. नाव तसे असले तरी. त्याचे पहिले कर्तव्य दुष्काळाची सूचना देणे हे आहे. माणसाने एक-दोन दिवस कडक उपास केला, तर चरबी अगदी थोडी कमी होते, पण लेप्टिन मात्र झपाट्याने खाली येते. मेंदू त्याचा अर्थ ‘दुष्काळ आला’ असा घेतो. मग भूक खवळते, थायरॉइडचे कार्य मंदावते, शरीर उष्णता जपून वापरू लागते. अत्यंत कृश मुलींची मासिक पाळी थांबते, त्यामागेही हेच कारण असते. पेव रिकामे असताना गर्भ वाढवण्याची जोखीम शरीर घेत नाही. झटपट वजन उतरवणाऱ्या माणसाचे वजन वर्ष-दोन वर्षांत परत का चढते, याचेही बरेचसे उत्तर येथे आहे. तो माणूस आळशी असतो असे नाही. त्याचा मेंदू त्याला वाचवण्याच्या खटपटीत असतो. (आपल्याकडच्या उपवासात हा धोका मुळीच नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस पोटात गेल्यावर कोणत्याही मेंदूला दुष्काळाचा भास होणार नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपल्या पूर्वजांनीच म्हणून ठेवले आहे.)

लेप्टिनचा शोध लागताच जगभर मोठी आशा निर्माण झाली. आता लठ्ठपणावर इन्शुलिनसारखे इंजेक्शन मिळणार, असे वाटू लागले. एका अमेरिकन औषध कंपनीने त्याच्या हक्कासाठी १९९५ साली दोन कोटी डॉलर मोजले. १९९७ साली इंग्लंडमध्ये मूळ पाकिस्तानी कुटुंबातील दोन चुलत भावंडांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हते. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिन टोचणे सुरू झाले आणि तिची न भागणारी भूक शांत झाली. १९९९ साली तो परिणाम जाहीर झाला. या मुलांच्या आईवडिलांनी किती बोलणी ऐकली असतील याची कल्पना करा! लोक म्हणाले असतील, लाडावून ठेवले आहे, तोंडावर ताबा नाही. तो ताबा ठेवणारे संप्रेरकच त्यांच्या रक्तात नव्हते.

मात्र अशी मुले अत्यंत दुर्मिळ. सर्वसाधारण लठ्ठ माणसांचे रक्त तपासले तेव्हा त्यांच्यात लेप्टिन कमी नव्हे, तर भरपूर आढळले. कोलमन यांच्या दुसऱ्या वंशातील उंदरांप्रमाणे त्यांच्या बाबतीतही निरोप जात होता, पण पोहोचत नव्हता. अशा लोकांना मोठ्या मात्रेत लेप्टिन देऊन पाहिले. वजनात पडलेला फरक निराशाजनक होता. आज या औषधाचा उपयोग आहे तो मुख्यतः वर सांगितलेल्या जन्मजात दोषात आणि ज्यांच्या शरीरात चरबीच साठत नाही अशा एका विरळ विकारात.

येथवरची कथा परदेशातील आहे. आता आपल्या घराकडे वळतो.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक चेहरा वारंवार दिसतो. वय चाळिशीच्या आतबाहेर, हातपाय काटकुळे, वजन साठ किलोच्या आसपास. आणि रक्तातील साखर वाढलेली. सोबत आलेली पत्नी किंवा आई आश्चर्याने विचारते, ‘डॉक्टर, यांच्या अंगावर मांस नाही, मग यांना मधुमेह कसा?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर पुण्यातून मिळाले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. दुष्काळी पट्ट्यातील ही गावे माण, खटाव, आटपाडी, जत यांची सख्खी बहीण शोभावीत अशी. तेथील सुमारे ८०० गर्भवती स्त्रियांचा आहार, कष्ट, वजन आणि पुढे त्यांच्या मुलांची वाढ यांची नोंद झाली. या माउलींचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते, आणि त्या दिवस गेलेले असतानाही शेतात राबत, विहिरीचे पाणी ओढत. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी केली गेली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले २.७ किलोचे. आपले बाळ प्रत्येक मापात लहान भरले. पण सर्वच मापे सारख्या प्रमाणात लहान नव्हती. दंड बारीक होते, पोटाचा घेर फारच कमी होता. आणि खांद्याच्या फऱ्याखालची चरबीची घडी मात्र जवळजवळ तिकडच्या बाळाइतकीच होती. म्हणजे स्नायू आणि आतली इंद्रिये यांत काटकसर झाली, चरबी मात्र राखली गेली. याज्ञिकांनी अशा बाळाला ‘कृश-मेदस्वी’ म्हणता येईल असे इंग्रजी नाव दिले.

२००२ साली याच गटाने पुणे आणि लंडन येथील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध केली. पुण्याची बाळे वजनाने पुष्कळ कमी असूनही त्यांचे लेप्टिन कमी नव्हते, आणि इन्शुलिन तर जास्त होते. लेप्टिन चरबीच्या साठ्याचा हिशेब सांगते, हे आपण पाहिलेच. वजनकाट्याने ज्या बाळाला ‘अशक्त’ ठरवले, त्याच्या नाळेतील रक्त सांगत होते की पेव रिकामे नाही.

याच विचाराचे एक मिस्कील उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र. दोघांचाही उंचीशी ताडून पाहिलेला वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःच्याच पोटाचा पुरावा जगापुढे मांडणारा संशोधक विरळा, आणि तो आपल्या पुण्याचा आहे याचा मला अभिमान वाटतो.

मग ही चरबी अपाय कसा करते? कातडीखालची चरबी हे बांधलेले पेव आहे. तेथे माल सुरक्षित राहतो. आपल्या लोकांत हे पेव बहुधा लहान असते. ते भरले की माल अंगणात, ओसरीवर, माजघरात रचावा लागतो. तशी उरलेली चरबी पोटातील आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात साचते. ही तिची जागा नव्हे. तेथे साचलेली चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. याच चरबीच्या पेशी ॲडिपोनेक्टिन नावाचे दुसरे एक संप्रेरक तयार करतात. ते इन्शुलिनला मदत करते आणि रक्तवाहिन्यांचे रक्षण करते. त्याची रीत लेप्टिनच्या अगदी उलट आहे: चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की ते घटते. युरोपीय लोकांच्या तुलनेत आपल्या उपखंडातील लोकांत ते मुळातच कमी आढळते. म्हणून आपल्याकडे थोड्याशा पोटानेही मोठा घोटाळा होतो.

या ठिकाणी सातारा-सांगलीचा इतिहास आठवल्यावाचून राहवत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे पश्चिमेकडे एक रूप आहे आणि पूर्वेकडे दुसरे. कृष्णाकाठी उसाचे मळे आणि गुऱ्हाळे. माणदेशात बाजरी, हुलगा आणि आभाळाकडे लागलेले डोळे. १९७२च्या दुष्काळात दगडफोडीच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेल्या बाया आज आमच्याकडे आजी म्हणून येतात. त्या वेळी त्यांच्या पोटात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांत पुढे मध्यम वयात साखरेचे नियंत्रण बिघडलेले आढळले. गर्भ आईच्या ताटावरून बाहेरच्या जगाचा अंदाज बांधतो आणि ‘बाहेर टंचाई आहे, जपून राहा’ असा बेत करूनच जन्माला येतो, असे आज मानले जाते.

बेत टंचाईचा, आणि पुढे आयुष्य मात्र सुबत्तेचे! खानापूर-आटपाडीचा तरुण गलाईच्या धंद्यासाठी दूर मुलखात गेला. सोने गाळताना दिवसभर एका जागी बसू लागला. साताऱ्याकडचा मुंबईला माथाडी कामाला गेला, पण त्याचा मुलगा संगणकापुढे बसतो. जे गावीच राहिले त्यांच्याकडे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचे पाणी पोहोचले. हे पाणी यावे म्हणून आपल्या भागाने किती वाट पाहिली, किती आंदोलने केली! त्या पाण्याला दोष देण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण बाजरीच्या जागी ऊस आला, पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली, आणि चुलीवरच्या भाकरीबरोबर पाकिटातला खाऊ आला, तो एका पिढीच्या आत. शरीराला इतक्या लवकर बेत बदलता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे.

आता नातेवाईक मंडळी नेहमी विचारतात त्या काही प्रश्नांकडे येतो.

लेप्टिनची तपासणी करून घ्यावी का? बहुतेकांना तिचा काहीही उपयोग नाही, पैसे वाचवावेत. अगदी तान्हेपणापासून झपाट्याने वजन वाढणारे आणि भूक कधीच न भागणारे मूल असेल, तर मात्र त्याला जरूर तज्ज्ञांना दाखवावे. ‘लेप्टिन वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे घेऊ नयेत. लेप्टिन हे प्रथिन आहे. पोटात गेले की डाळीच्या प्रथिनासारखे पचून जाते. आणि अलीकडे ज्यांची फार चर्चा आहे ती वजन उतरवणारी इंजेक्शने? ती लेप्टिनची नाहीत. ती आतड्यांतून निघणाऱ्या संप्रेरकांच्या धर्तीवर बनवलेली आहेत, २०२५ पासून आपल्या देशातही या कामासाठी मिळू लागली आहेत आणि योग्य रुग्णात चांगला गुण देतात. पण ती थांबवली की वजन बहुधा परत चढते, म्हणून शेजाऱ्याने घेतली एवढ्या कारणाने ती सुरू करू नयेत.

तपासायचे असेल तर कमरेचा घेर तपासा. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी ठरवलेली मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी आहे. वजनाच्या निर्देशांकाची आपली मर्यादाही पाश्चात्त्यांपेक्षा खाली, २३ वर, धरली जाते. ‘माझ्या पँटचा नंबर वीस वर्षांत बदललेला नाही’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ पट्टा हळूहळू पोटाखाली उतरवत आलेले असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि घरातील जाड मुलाला किंवा सुनेला टोमणे मारणे कृपा करून थांबवा. त्यांचा मेंदू कोणत्या निरोपाशी झगडतो आहे हे आपल्याला दिसत नाही. रोजचे चालणे, पुरेशी झोप, ताटात डाळ-उसळ आणि पालेभाजी, चहातली साखर कमी, वजन सावकाश उतरवणे. यात नवीन काही नाही, पण सगळे घर मिळून ते करते तेव्हाच ते टिकते.

विश्वस्त मंडळींना आणि देणगीदारांना माझी विनंती थोडी वेगळी आहे. देणगीतून यंत्र घेतले की त्यावर नाव कोरता येते, यंत्रे हवीतच. परंतु या व्याधीची मुळे प्रसूती विभागात आहेत. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे दिसले की ज्या गर्भवतींच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक भरदार जन्मली. तेथील निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी बंद करावी असा मुळीच नाही. ती आवश्यकच आहे. अर्थ एवढाच की तिच्या जोडीला ब-१२कडेही पाहिले पाहिजे. ते भाकरीत किंवा भाजीत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. आणि घरातले दूध डेअरीला घालून उरलेच तर सुनेला मिळते, ही आपल्या अनेक खेड्यांतील वस्तुस्थिती आहे.

म्हणून माझी सूचना अशी: प्रसूती विभागात आज बाळाचे वजन लिहिले जाते, त्याच पानावर आईची उंची, पहिल्या भेटीचे वजन, हिमोग्लोबिन आणि ब-१२ यांची नोंद व्हावी. ब-१२ची तपासणी ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च गरीब रुग्ण साहाय्य निधीतून केला जावा. त्या मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षी पुन्हा बोलावून त्यांची उंची, वजन आणि कमरेचा घेर मोजावा. एक जाड बांधणीची नोंदवही, एक टेप, एक पूर्णवेळ परिचारिका आणि तपासण्यांचा खर्च एवढीच या कामाची मागणी आहे. तसा लेखी प्रस्ताव मी आजच अध्यक्ष महोदयांच्या हाती दिला असून, मंडळाच्या पुढील बैठकीत त्यावर विचार व्हावा अशी विनंती करतो.